रॅप्टरचे मागचे टायर बदलताना : २०, २२ की १८ इंच?

आपला प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आपण दुबईत राहता आणि वापरलेली यामाहा रॅप्टर ७०० आर ही क्वाड, म्हणजे हँडलने चालवायची चार चाकांची उघडी गाडी, नुकतीच घेतली आहे. मागच्या टायरची बटणे, म्हणजे नक्षीचे रबरी उंचवटे, झिजून सपाट झाली आहेत. गाडीचे मूळ माप पुढे २१×७-१० आणि मागे २०×१०-९ असे आहे. दुकानदार मागे २२×११-९ घाला म्हणतो, कारण गाडी उंच होईल आणि वेगही वाढेल. शर्यतीत भाग घेणारा आपला मित्र १८ इंची टायर सुचवतो, कारण वळणावर गाडी जमीन धरून राहील. आपण बहुतेक शनिवारी अल बदायरच्या वाळूत चालवता आणि महिन्यातून एखाद्या वेळी हत्ताच्या बाजूला, डोंगरातल्या कोरड्या नदीपात्रांतून, म्हणजे इथल्या भाषेत वाद्यांतून फिरता. पुढचे टायर अजून चांगले असल्यामुळे फक्त मागची जोडी बदलायची आहे, आणि रिम मूळचीच ठेवायची आहे.

मी शारजाच्या औद्योगिक भागातल्या एका वर्कशॉपमध्ये गेली सोळा वर्षे क्वाडची कामे करतो आहे. त्यातला मोठा हिस्सा याच गाडीचा, कारण इथल्या वाळूत रॅप्टर फार दिसते. माझे उत्तर आधीच सांगतो : मागे २०×११-९ घ्यावे, पुढचे २१ इंची तसेच राहू द्यावेत, २२ इंची टायर आपल्या वापराला योग्य नाहीत आणि १८ इंची तर हत्ताला नेऊच नयेत. मात्र हे उत्तर आपल्या वापरावर बेतलेले आहे. वापर बदलला तर उत्तर बदलते, म्हणून त्यामागचा विचार सविस्तर लिहितो. दुकानदार आणि मित्र या दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. दोघेही टायरच्या एकाच गुणाकडे पाहत आहेत, हीच खरी अडचण आहे. स्पोर्ट क्वाडवर मागच्या टायरचे माप बदलले की गाडीची मागची उंची, गिअरिंग, ब्रेकची ताकद आणि हँडलचा स्वभाव या चारही गोष्टी एकाच वेळी बदलतात, आणि त्यांतली एक हवी म्हणून उरलेल्या तीन नाकारता येत नाहीत.

मापाचे आकडे कसे वाचायचे ते आपल्याला ठाऊक असेलच, तरी एका वाक्यात सांगतो : २०×१०-९ म्हणजे हवा भरलेल्या टायरची बाहेरची उंची २० इंच, रुंदी १० इंच आणि रिमचा व्यास ९ इंच, मधल्या रेघेच्या जागी ‘आर’ हे अक्षर असेल तर टायर रेडियल बांधणीचा असतो. बाहेरच्या उंचीतून रिमचा व्यास वजा करून दोनाने भागले की साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची मिळते. आपल्या गाडीवर ती मागे साडेपाच इंच आहे आणि पुढे २१ मधून १० वजा केले तरी साडेपाचच येते. दुकानदार सांगतो त्या २२×११-९ मध्ये ती साडेसहा इंच होते. हा एक इंच पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

आता उंचीकडे येऊ. जीपसारख्या गाडीत टायर मोठे केले की पोट वर जाते, हे सर्वांना माहीत असते. स्पोर्ट क्वाडमध्ये मात्र त्याला वेगळा अर्थ आहे. रॅप्टरला मागे एकच सलग ॲक्सल आहे आणि तो स्विंगआर्मबरोबर, म्हणजे मागची चाके धरणाऱ्या हलत्या दांड्याबरोबर, खालीवर होतो. शॉक कितीही कडक केला, स्प्रिंग कितीही ताणली, तरी ॲक्सलखालची मोकळी जागा तसूभरही वाढत नाही, कारण ती फक्त टायरच्या त्रिज्येवर अवलंबून असते. आणि त्या ॲक्सलवर काय लटकलेले आहे, तर मागचे स्प्रॉकेट, म्हणजे चेनचे दातेरी चाक, आणि ब्रेकची डिस्क. रॅप्टरच्या मूळच्या ३८ दातांच्या स्प्रॉकेटचा व्यास, चेनच्या पिनांपाशी मोजला तर, सुमारे १९२ मिलिमीटर भरतो. म्हणजे ॲक्सलच्या मध्यापासून तो जवळजवळ पावणेचार इंच खाली उतरलेला असतो. टायरची त्रिज्या १० इंच धरली आणि वजनाने टायर थोडा दबतो हे लक्षात घेतले, तर स्प्रॉकेटखाली साडेपाच इंचांच्या आसपास जागा उरते. हत्ताच्या वाद्यांमध्ये मुठीएवढ्या दगडांबरोबरच नारळाएवढे गोटेही असतात. त्यामुळे तिथे जाणाऱ्या माणसाला ही जागा कमी करणे परवडत नाही. १८ इंची टायर लावला की त्यातला आणखी एक इंच जातो. माझ्याकडे दात वाकलेली आणि चेनरक्षक पत्रा आत दाबला गेलेली जी स्प्रॉकेटे येतात, त्यांतली बरीचशी अशाच गाड्यांची असतात.

तर मग २२ इंची घातल्यास उलट फायदाच की, असे आपल्याला वाटेल, आणि फक्त दगडांचा विचार केला तर ते बरोबरही आहे. पण गिअरिंगचे गणित पाहा. टायर २० वरून २२ इंच झाला की एका फेऱ्यात गाडी १० टक्के जास्त अंतर कापते, म्हणजेच प्रत्येक गिअर १० टक्क्यांनी लांब होतो. दुकानदार म्हणतो तो वाढीव वेग कागदावर इथून येतो. प्रत्यक्षात वाळू गाडीला सतत मागे ओढत असते; तिथे शेवटच्या गिअरमधला कमाल वेग इंजिनच्या फेऱ्यांवर ठरत नाही, तो इंजिनला त्या ओढीवर मात करता येते की नाही यावर ठरतो. मऊ टेकडी चढताना तिसऱ्या गिअरमध्ये मूळ टायरवर जे इंजिन खणखणीत ओढते, तेच मोठ्या टायरवर चढाच्या दोन तृतीयांशावर घोगरे होऊ लागते. मग दुसरा गिअर टाकावा लागतो. त्या क्षणभरात वाळूत गती मरते आणि मागची चाके जागच्या जागी खणू लागतात. ६८६ सीसीचे एक सिलिंडरचे हे इंजिन ताकदवान आहे, परंतु ते उगाच दमवण्यात काहीच मिळकत नाही.

यावर उपाय आहे आणि तोही प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. रॅप्टरला मूळचे स्प्रॉकेट पुढे १४ आणि मागे ३८ दातांचे, म्हणजे गुणोत्तर २.७१ येते. २२ इंची टायरवर तेवढाच जोर परत हवा असेल तर मागे ४२ दात लावावे लागतात, किंवा पुढे १३ दातांचे लावून गुणोत्तर २.९२ करता येते. दुसऱ्या उपायात हरवलेल्या १० टक्क्यांपैकी सुमारे पावणेआठ टक्के परत मिळतात आणि उरलेला फरक बहुतेकांना जाणवत नाही. मात्र १३ दातांवर चेन जास्त तीव्र वळण घेते, स्विंगआर्मवरच्या प्लॅस्टिकच्या पट्टीला अधिक घासते आणि दोन्ही लवकर झिजतात. मागे ४२ दात लावले तर स्प्रॉकेटचा व्यास सुमारे २१२ मिलिमीटर होतो, म्हणजे टायर वाढवून खाली मिळालेल्या एक इंचातले जवळजवळ चार दशांश इंच तिथेच परत द्यावे लागतात, शिवाय चेनही लांब घ्यावी लागते. इतके करूनही ब्रेकची बाब उरते. डिस्क आणि कॅलिपर तेच असताना टायरची त्रिज्या वाढली, तर पायाच्या त्याच दाबाला जमिनीवर मिळणारी अडवणूक साधारण ११ भागांतला एक भाग कमी होते. वाळूत हे कळत नाही; हत्ताच्या उतारावर कळते.

चौथी गोष्ट हँडलची, आणि मला स्वतःला ती सर्वात महत्त्वाची वाटते, कारण तिच्याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही. रॅप्टरच्या पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधले अंतर १२८० मिलिमीटर आहे. पुढचे टायर तसेच ठेवून मागचे २ इंच उंच घातले, तर मागचा ॲक्सल एक इंच वर जातो आणि सगळी गाडी नाकाकडे एक अंशाहून थोडी जास्त झुकते. पुढच्या चाकांचा वळण्याचा अक्ष मागे कललेला असतो, त्या कलण्याला कॅस्टर म्हणतात, आणि तोच गाडीला वेगात सरळ धरून ठेवतो. गाडी नाकाकडे झुकली की हा कॅस्टर तेवढाच कमी होतो. एक अंश ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण टेकडीच्या पाठीवरून उतरताना, चौथ्या गिअरमध्ये, हँडल हातात सैल आणि उतावळे झाल्यासारखे वाटते, आणि पुढची चाके छोट्याशा लाटेवरही इकडेतिकडे जाऊ पाहतात. त्यातच स्वाराचे वजन वर गेलेले असते आणि साडेसहा इंचांची मऊ साइडवॉल आडव्या उतारावर वाकत असते. ही गाडी साधारण ४६ इंच रुंद आहे, म्हणजे यामाहाच्याच, याच जातीच्या वायएफझी ४५० आर या क्वाडपेक्षा अरुंद. म्हणून आडव्या उतारावर तिला आणखी उंच करताना मी दोनदा विचार करतो.

पुढेही २३ इंची घातले तर झुकाव बराचसा निघतो, आणि काही लोक तसे करतात. पण मग पुढची चाके जड होतात, हँडलही जड होते, आणि आपल्याला बदलायची नव्हती ती पुढची चांगली जोडी काढून टाकावी लागते.

मित्राच्या १८ इंची सल्ल्याबद्दल. मोटोक्रॉसच्या बंदिस्त मार्गावर शर्यत खेळणारे मागे १८×१०-८ आणि पुढे २०×६-१० असा संच वापरतात, आणि त्यांचे ते बरोबरच आहे : गाडी खाली येते, साइडवॉल आखूड असल्याने वळणावर डगमगत नाही, आणि गिअरिंग आखूड झाल्याने वळणातून झटकन निघता येते. मात्र त्यांनी पुढचे टायरही लहान केलेले असतात, गाडी रुंद केलेली असते, सस्पेन्शन त्यानुसार बसवलेले असते आणि त्यांचा मार्ग दगड वेचून काढलेला असतो. शिवाय १८×१०-८ ला ८ इंची रिम लागते. आपली मूळची मागची रिम ९ इंची आहे, त्यामुळे ते टायर आपल्या रिमवर बसणारच नाहीत. त्या संचातला एकच तुकडा उचलून आपल्या गाडीला लावला तर मागचा भाग एक इंच खाली बसतो, वर सांगितलेला कॅस्टर उलट दिशेने वाढतो, हँडल जड होते आणि मऊ वाळूत पुढची चाके वळण्याऐवजी सरळच ढकलली जातात.

इथे मला एक जुना प्रसंग सांगायचा आहे, कारण छापील मापावर आंधळा विश्वास ठेवू नये हे मी त्यातून शिकलो. शारजात येऊन मला दुसरे वर्ष होते. एका ग्राहकाच्या रॅप्टरचा मागचा एक टायर काट्याने फाटला होता, आणि त्याने बाहेरच्या एका दुकानातून दुसऱ्या कंपनीचा नवा टायर आणला होता. दोन्हीवर छापलेले माप एकच : २०×११-९. मी तो बसवला आणि गाडी परत दिली. दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन आला आणि म्हणाला, की सपाट वाळूवर गॅस दिला की गाडी डावीकडे जाते. मी टाय रॉडची, म्हणजे हँडलकडून पुढची चाके वळवणाऱ्या दांड्यांची, लांबी तपासली, पुढच्या चाकांची समांतरता दोनदा जुळवली, ॲक्सल वाकला आहे का ते पाहिले, पुढच्या चाकांचे बेअरिंग बदलले. तीन दिवस गेले. शेवटी आमच्या वर्कशॉपमधल्या एका वयस्कर केरळी मिस्त्रींनी खडूचा तुकडा घेतला, डाव्या टायरवर आणि त्याखालच्या फरशीवर एक रेघ ओढली, मला गाडीवर बसायला सांगितले आणि गाडी ढकलत चाकाचा बरोबर एक फेरा पूर्ण केला. टायरवरची रेघ पुन्हा जमिनीला लागली तिथे दुसरी खूण केली. टेपने मोजले तर डाव्या टायरचा एक फेरा १५४ सेंटिमीटर भरला. उजव्याचा भरला साडेसत्तावन्न.

साडेतीन सेंटिमीटरचा हा फरक पाहिल्यावर मला माझ्या तीन दिवसांचे वाईट वाटले, आणि त्या ग्राहकाचेही. कारण रॅप्टरला मागे डिफरन्शियल नाही. दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट बसलेली आहेत आणि दोघांना सारखेच फेरे मारावे लागतात. उजवे चाक प्रत्येक फेऱ्यात साडेतीन सेंटिमीटर पुढे जाऊ पाहत होते. शंभर फेऱ्यांत साडेतीन मीटर होतात, आणि गाडी लहान चाकाच्या बाजूला वळत राहते. घट्ट जमिनीवर तर हा फरक टायर घासूनच भरून निघतो, त्यामुळे रबर, चेन आणि ॲक्सलचे बेअरिंग या सर्वांवर ताण येतो. त्यानंतर मी एकही मागचा टायर सुटा बसवलेला नाही. जोडीच बसवतो, आणि खडूने घेर मोजल्याशिवाय गाडी बाहेर सोडत नाही. एक सेंटिमीटरपर्यंतचा फरक मी चालवून घेतो. त्याहून जास्त असेल तर आधी हवा तपासतो, मग टायरची कड रिमवर सगळीकडे सारखी बसली आहे का ते पाहतो, आणि तरीही फरक राहिला तर टायर परत करायला सांगतो.

यातूनच दुसरी एक गोष्ट निघते. २० इंच हे छापील माप आहे. गणिताने त्याचा घेर १५९ सेंटिमीटरांहून थोडा जास्त येतो, पण स्वार बसलेल्या गाडीखाली, कमी हवेत, तो त्याहून कमीच भरतो, आणि एका कंपनीचा २० दुसऱ्या कंपनीच्या २० पेक्षा निराळा निघू शकतो. म्हणून माझा आग्रह असा, की जुने टायर काढण्यापूर्वीच आपण त्यांचा घेर खडूने मोजून लिहून ठेवावा. झिजलेला टायर थोडा लहान भरेल हे लक्षात ठेवावे. मग नवा टायर आपल्याला किती बदल देणार आहे, ते आकड्यात कळते.

आता २०×११-९ का, ते सांगतो. उंची मूळचीच राहते, त्यामुळे गिअरिंग, ब्रेक, हँडल आणि स्प्रॉकेटखालची जागा यांपैकी कशालाही धक्का लागत नाही. रुंदी एक इंचाने वाढते, त्यामुळे मऊ वाळूत गाडीचे वजन अधिक जागेवर पसरते आणि टायर कमी रुततो. मूळच्या रिमवर हे माप बसते. माझ्या हातून अनेक रॅप्टरवर बसवले गेले आहे. तरी विकत घेण्यापूर्वी कंपनीने त्या टायरसाठी दिलेली रिमची रुंदी पाहावी आणि आपल्या रिमची आतली रुंदी, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, स्वतः टेपने मोजावी. गाडी वापरलेली आहे, आणि आधीच्या मालकाने रिम बदललेली नाही याची खात्री आपल्याला फक्त टेपच देऊ शकतो.

नक्षी आणि प्लाय, म्हणजे टायरच्या आतल्या थरांची मजबुती, यांची निवड मापाइतकीच महत्त्वाची आहे, आणि तिथे आपल्या दोन जागा एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. वाळूला हलका, पातळ, लवचिक टायर हवा असतो. वाद्यांना जाड साइडवॉलचा, सहा प्लायचा टायर हवा, कारण तिथले दगड बाजूने कापतात. आपण महिन्यातून एकदाच हत्ताला जाता. तरीही मी सहा प्लायचाच, मध्यम उंचीच्या बटणांचा टायर सुचवीन. वाळूत थोडा जड टायर चालवून घेता येतो, पण मोबाइलला रेंज नसलेल्या वादीत साइडवॉल चिरला तर १९० किलोंची गाडी ढकलत आणता येत नाही. फार उंच आणि विरळ बटणांचा टायर मात्र घेऊ नये. तो चिखलासाठी असतो, आणि कोरड्या वाळूत गाडी पुढे नेण्याऐवजी खड्डाच करतो.

वाळूची खरी मजा हवी असेल आणि पुढे कधी खर्च करायची तयारी झाली, तर मागच्या रिमची दुसरी जोडी घेऊन तिच्यावर पॅडल टायर चढवावेत, म्हणजे गुळगुळीत टायरवर वल्ह्यासारख्या आडव्या उभट पट्ट्या असलेले. त्यांचेही माप २०×११-९ च असू द्यावे, म्हणजे चाके बदलताना बाकी काहीच बदलावे लागणार नाही. माझ्या अनुभवात या इंजिनाला आठ ते दहा पट्ट्या पुरतात. ते लावताना फिरण्याच्या दिशेचा बाण पाहावा, आणि त्यांच्यावर कडक जमिनीवर अजिबात फिरू नये. काही किलोमीटरांतच पट्ट्यांच्या कडा गोल होतात. नवीन रिम घेताना नटांच्या भोकांमधले अंतर आणि ऑफसेट, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसते ते, मूळ रिमशी ताडून घ्यावेत. चाक बाहेर काढणारी रिम किंवा स्पेसर लावले तर ॲक्सलच्या बेअरिंगवर तरफेसारखा जोर वाढतो, आणि पुढची रिम मागे चालेल असे तर गृहीतच धरू नये.

हवेबद्दल थोडे थांबून सांगतो, कारण माप बरोबर निवडून हवेत चूक केली तर सगळे वाया जाते. या टायरांत हवा ४ ते ५ पीएसआयच्या आसपास असते. गाडीच्या पुस्तिकेत आणि गाडीवरच्या पट्टीवर नेमका आकडा दिलेला असतो. पेट्रोलपंपावरचे गेज, जे कारच्या ३०-३५ पीएसआयसाठी असते, त्यावर ४ आणि ६ यांतला फरक दिसतच नाही. १० किंवा १५ पर्यंतच मोजणारे वेगळे गेज घ्यावे. ते स्वस्त असते. आणि उष्णतेचा हिशेब धरावा. एसी असलेल्या गॅरेजमध्ये २५ अंशांना ५ पीएसआय भरून आपण निघालात आणि वाळूत टायरमधली हवा ५५ अंशांवर गेली, तर गेज जवळजवळ ७ दाखवील. कारच्या टायरमध्ये २ पीएसआय वाढणे नगण्य असते. इथे ते चाळीस टक्के आहेत. टायर फुगतो, मधोमध गोल होतो, रुततो, आणि आपण रुंद टायर घेऊन मिळवलेला फायदा हरवतो. म्हणून हवा नेहमी वाळूच्या कडेला पोहोचल्यावर, गाडी ट्रेलरवरून उतरवून थोडा वेळ सावलीत ठेवून तपासावी, आणि डावी-उजवी बाजू अगदी सारखी करावी. एका बाजूला एक पीएसआय कमी असेल तर तिकडचा घेरही कमी होतो आणि गाडी ओढू लागते. लोक मग टाय रॉड फिरवत बसतात, जसा मी बसलो होतो. दगडांत जाताना मात्र पुस्तिकेतल्या आकड्याच्या खाली जाऊ नये, नाहीतर रिमची कड दगडावर आपटते.

बसवल्यानंतर मागच्या टायरची आतली बाजू आणि स्विंगआर्म यांत बोट सहज फिरते का ते पाहावे. शॉकचा खालचा बोल्ट सोडून, चाक हाताने पूर्ण वर उचलून, मडगार्डला आणि पायाच्या आडोशाच्या नळीला टायर लागत नाही ना, हेही एकदा पाहावे. रुंदी वाढली आहे, उंची नाही, म्हणून बहुधा अडचण येणार नाही. पण गाडीवर आधीच्या मालकाने काय काय जोडले आहे, ते मला इथून दिसत नाही.

कोणत्या परिस्थितीत माझे उत्तर बदलेल तेही लिहितो. आपण वाळू सोडून मुख्यतः दगडगोट्यांतच हळू चालवणार असाल, तर मागे २२ आणि पुढे २३ इंची संच, पुढे १३ दातांच्या स्प्रॉकेटसह, विचारात घेण्यासारखा आहे. तिथे वेग कमी असतो आणि स्प्रॉकेटखालचा प्रत्येक सेंटिमीटर उपयोगी पडतो. पुढचे टायर पुढच्या वर्षी बदलायला आले, तर २२×७-१० घेऊन पाहायला हरकत नाही. होंडाच्या टीआरएक्स ४०० ईएक्सवर कारखान्यातूनच पुढे २२×७-१० आणि मागे २०×१०-९ अशी जोडणी येत असे, म्हणजे हे प्रमाण काही अनोळखी नाही. आपल्या गाडीवर त्याने पुढचा भाग अर्धा इंच वर येईल आणि कॅस्टर अर्ध्या अंशाहून थोडा अधिक वाढेल. हँडल किंचित जड, पण वेगात शांत वाटेल. स्वार १०० किलोंच्या वर असेल किंवा मागे कोणाला बसवायची सवय असेल, तर रुंद टायरची गरज अधिक भासते. अर्थात ही एका माणसाची गाडी आहे आणि दुसऱ्याला बसवू नये, हे मला इथे स्पष्ट सांगितले पाहिजे.

टायर घ्यायला जाल तेव्हा खिशात खडू, टेप आणि लहान गेज घेऊन जावे. दोन्ही टायर एकाच कंपनीचे, एकाच नमुन्याचे आणि शक्यतो एकाच सुमाराला बनलेले मागावेत. बाजूवर आठवडा आणि वर्ष दाखवणारे चार अंक असतील तर ते जुळवून पाहावेत, कारण इथल्या उन्हात दुकानाच्या पत्र्याखाली पडून राहिलेले रबर न वापरताही कडक होते. बसवताना कड रिमवर टचकन बसावी म्हणून मिस्त्री हवा खूप चढवतात; टायरच्या बाजूवर त्याची कमाल मर्यादा छापलेली असते, ती ओलांडू देऊ नये, आणि साबणाचे पाणी लावायला सांगावे. मग दोन्हींत सारखी हवा भरून, आपण गाडीवर बसून, दुकानासमोरच्या सपाट जागेवर एक एक फेरा मोजावा. दुकानदार घाई करील, तरी मोजावाच. नवे टायर पहिल्या दोन-तीन सहलींत थोडे सैलावतात, तेव्हा तिसऱ्या शनिवारी हवा समान करून पुन्हा एकदा घेर मोजावा आणि दोन्ही आकडे मला कळवावेत. फरक एक सेंटिमीटरच्या वर आला, तर पुढे काय करायचे ते आकडे पाहून सांगेन.